पाणी बघितलंस काय?

आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न हा. चहा त्यानंतर, पेपर त्याच्याही नंतर. आबा, माझे वडील, आता ८४ वर्षांचे आहेत. गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे रोज जिना उतरणं होत नाही, पण गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीतून खालची शेड दिसते, शेडमधलं गाडीचं नाक दिसतं, आणि तेवढ्यावर त्यांचा कारभार चालतो. "पाणी बघितलंस काय?" म्हणजे गाडीचं. माझ्या रक्तदाबाच्या गोळीची चौकशी दुपारी होते. झालीच तर.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७९ची, दुधी रंगाची. आबांनी १९८६ साली एका डॉक्टरांकडून घेतली. डॉक्टरांना मारुती ८०० घ्यायची होती. "पत्र्याचा डबा घ्यायला लोखंड विकलं," असं आबा पुढची वीस वर्षं येईल त्याला सांगत. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, आणि पुढच्या सीटवर तिघं बसतील एवढी ऐसपैस जागा. मी, दादा आणि आमटीचा डबा तिथं मावत असू.

शेडमध्ये एका खिळ्याला पितळी तांब्या टांगलेला असे. तो गाडीचा. त्यातून कुणी पाणी प्यायचं नाही, त्याला देव्हाऱ्यातही प्रवेश नाही. आबा पाटबंधारे खात्यात होते. सकाळी साडेआठला आंघोळ करून, विभूती लावून खाली उतरत, बॉनेट उचलत, रेडिएटरचं टोपण फिरवून काढत आणि वाकून आत बघत. पाणी दोन बोटं खाली असायचंच. मग तांब्यातून संथ धार धरायची, अगदी गळ्याशी काठोकाठ येईपर्यंत. वर थोडं ओघळलं की समाधान. टोपण लावायचं, पंच्यानं बॉनेट पुसायचं, कचेरीला निघायचं. मुंज झालेला मुलगा जशी संध्या चुकवत नाही, तसं हे आबांनी चुकवलं नाही. निवृत्तीनंतरही नाही.

आणि एवढी वर्षं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात एक साधा प्रश्न आला नाही. कालच गळ्यापर्यंत भरलं होतं ना? मग आज दोन बोटं कमी कसं? खाली ओल नाही, नळ्या कोरड्या, पंपाला थेंब नाही. मग रोजचं पाणी जातं कुठं?

प्रश्न पडला तो मला, तोही गेल्या एप्रिलात, वाघबीळच्या चढाला. पन्हाळ्याला निघाले होते, एकटीच. तापमानाचा काटा अर्ध्यावरून हलला, पाऊण झाला, आणि तांबड्या पट्ट्याकडे असा निघाला की जणू त्याला तिथं कुणी बोलावलंय. गाडी कडेला घेतली, बॉनेट उचललं आणि हात मागे घेतला. टोपणाला हात लावायचा नसतो हे मला १९९१ पासून माहीत आहे.

ते साल आंबा घाटाचं. रत्नागिरीहून परतत होतो. डिकीत हापूसच्या चार पेट्या, मागच्या सीटवर दोन, आई, आत्या, दादा, मी. मे महिन्याचा दुपारचा दीड. साखरपा सोडून घाट चढायला लागलो आणि चार-पाच वळणांनंतर बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ यायला लागली. आधी सुतासारखी, मग उदबत्तीसारखी, मग सरळ बंबासारखी. आबांनी चाकांना दगड लावायला दादाला पिटाळलं आणि आम्हाला कठड्यापलीकडच्या सावलीत बसवलं. बंपरला छागल लटकवलेली होती. तिच्यातलं पाणी त्यांनी आम्हाला पिऊ दिलं नाही. "ते गाडीचं." आत्या म्हणाली, "गाडीला पाणी आणि माणसांना आंबे, चांगला न्याय आहे." मग आम्ही तास-दीड तास आंबेच खाल्ले.

मधेच आबा उठले. गोणपाटाच्या चार घड्या केल्या, टोपणावर ठेवल्या, तोंड पूर्ण बाजूला वळवलं आणि तळव्यानं दाबून पाव आटा फिरवला. फक्त पाव. तिथं एक खाच असते, टोपण तिथं अडतं. आतून फुस्स असा लांबलचक आवाज आला, कुणीतरी मोठा श्वास सोडावा तसा. तो पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. शेजारी एक ट्रक येऊन थांबला होता, त्याचा क्लीनर आबांना म्हणाला, "काढा की सायेब, हवा जाऊ द्या सगळी." आबांनी बाही वर सरकवून त्याला कोपराजवळचा गुळगुळीत गुलाबी डाग दाखवला. क्लीनर गप्प बसला.

त्या फुस्समागचं गणित मला खूप उशिरा कळलं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तेव्हा इथं उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं टोपण हे नुसतं झाकण नसतं. त्याच्या पोटात एक स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या टोकाला रबरी चकती. ती चकती गळ्याच्या आतल्या कडेवर दाबून बसते आणि दाब ठरावीक आकड्याच्या वर गेल्याशिवाय उठत नाही. ७ पौंडाचं, म्हणजे दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारं टोपण असेल तर पाण्याचा उत्कलनबिंदू अकरा-बारा अंशांनी वर जातो. म्हणजे आत १०५ अंशांचं पाणी असलं तरी ते उकळत नाही, दबून बसलेलं असतं. तुम्ही टोपण उघडलंत की दाब गेला आणि एका क्षणात त्या पाण्याला आठवलं, आपण केव्हाच उकळायला हवं होतं. मग ते उसळतं. आबांच्या कोपराला तेच लागलं होतं.

तर वाघबीळला मी पाऊण तास बसले, गाडी थंड केली, पाणी घातलं आणि पन्हाळा रद्द करून उद्यमनगर गाठलं.

उद्यमनगरात आमचे चाचा. फौंड्र्या, लेथ, पिस्टन-व्हॉल्व्हची दुकानं यांच्या गर्दीत त्यांचं गॅरेज इतकं अरुंद आहे की गाडी आत घातली की चाचांना खिडकीतून बाहेर यावं लागतं. त्यांनी गाडीला कुठलंही यंत्र लावलं नाही. इंजिन चालू ठेवून रेडिएटरची वरची नळी चिमटीत धरली, मग खालची. वरची चटका देत होती, खालची कोमट. मग पंखा बंद झाल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून तळहात असा फिरवला, जसा ताप आलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात.

"हितं गरम. हितं गार. हितं बी गार. ताई, मधल्या नळ्या बंद हाईत. पाणी फिरंनाच झालंय."

शेजारच्या गल्लीतल्या रेडिएटरवाल्यानं गॅसच्या ज्योतीनं कथलाचा जोड सोडवून वरची टाकी उचलली आणि मला बोलावून दाखवलं. पितळेच्या त्या चपट्या नळ्या, त्यांची तोंडं ओळीनं. निम्म्याहून जास्त तोंडांवर राखाडी-पांढरा खार बसलेला. आमच्या जुन्या तांब्याच्या बंबात असा थर धरायचा. दर दिवाळीला आई चिंच लावून तो खरवडायची. त्यानं नळ्यांत लांब चपट्या पट्ट्या घालून रॉडिंग केलं. प्रत्येक नळीतून ओला चुना पडावा तसा चुरा खाली पडत होता. मी तो चिमटीत घेऊन बघितला. ४० वर्षांच्या सकाळी, असं काहीसं मनात आलं आणि मी ते झटकलं, कारण रेडिएटरवाला पैसे सांगत होता.

चाचांनी तेवढ्यात आणखी एक गोष्ट शोधली. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नव्हता. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.

"कुणी काढला?"

"मीच की," चाचा जराही न लाजता म्हणाले. "२००४ साली. तवा पन गरम व्हतीया म्हनून आला हुता आबासायब."

आपल्याकडे हे सर्रास चालतं. गाडी गरम होते ना, मग थर्मोस्टॅट काढा. ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडावा तसलाच हा उपाय. इंजिन मग कधी धड तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि खरा दोष आत वाढत राहतो. या गाडीच्या इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, बिडाचा आणि त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं. अति तापलं की हेड वाकतं, गॅस्केट उडतं, मग हेडला फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून आणा. आमच्या गाडीचं ते एकदा झालंय. मी थर्मोस्टॅट परत बसवायला लावला. चाचांनी बसवला, पण जुना मुलगा परत कॉलेजात घालतायत असं तोंड करून.

बाटलीचा विषय मी तिथंच काढला. आजच्या प्रत्येक गाडीत बॉनेटखाली एक दुधी प्लास्टिकची बाटली असते, त्यात हिरवं किंवा गुलाबी कूलंट. टोपण न उघडता पातळी दिसते. आमच्या पद्मिनीत तसं काही नाही. रेडिएटरच्या गळ्याला बाजूला एक बारीक नळी आहे, ती रेडिएटरच्या कडेनं खाली उतरते आणि रस्त्यावर उघडी संपते. जास्तीचं पाणी तिथून मातीत.

"बाटली लावून काय उपेग?" चाचा म्हणाले. "ही गाडी आपली पातळी आपन ठरवती. दोन बोटं खाली ऱ्हाती न्हवं, तितंच ठेवायची. भरायला जाऊच नगा."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. खरं तर सगळं रहस्य त्यातच होतं. पण गॅरेजमध्ये लेथचा आवाज फार असतो.

बाटली मिळाली ती भंगारात काढलेल्या मारुती ८००ची. दुकानदारानं पुसून दिली. घरी आणून आबांच्या समोर ठेवली तर त्यांनी ती उलटी-सुलटी केली, तळाचा साचा वाचला आणि म्हणाले, "त्या डॉक्टरांची नसेल ना?"

बसवायला जागा शोधण्यात एक रविवार गेला. मूळ गाडीला भोक पाडायचं नाही हे मी ठरवलं होतं. उद्या कुणाला हवी तर गाडी होती तशी झाली पाहिजे. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांच्या वरच्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नकोत असं आहे. बाटली म्हणजे काही मोठा बदल नाही, पण पन्नाशी जवळ आलेल्या बाईला उगाच वय विचारल्यासारखं वाटू नये, म्हणून काळजी. शेवटी आतल्या कडेला आधीच असलेल्या एका बोल्टला पत्र्याची पट्टी वाकवून अडकवली. गळ्यापासून नवी रबरी नळी, दोन्ही टोकांना क्लॅम्प, आणि नळीचं टोक बाटलीत तळापर्यंत. बाटलीत दोन इंच साधं पाणी, चाचणीपुरतं. रेडिएटर मात्र गळ्यापर्यंत काठोकाठ.

आबा त्या दिवशी मुद्दाम खाली आले. खुर्ची शेडमध्ये मांडली. मी त्यांना टोपणाची रचना समजावून सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"राधानगरीचे दरवाजे," ते म्हणाले.

कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं, पाण्याचा दाब ठरल्या पातळीला पोचला, की दरवाजा आपोआप उचलला जातो. कुणी चाक फिरवत नाही, कुणी बटण दाबत नाही. पाणी उतरलं की दरवाजा आपोआप बसतो. पावसाळ्यात पहाटे बातमी येते, सहा नंबरचा उघडला, आणि पंचगंगेकाठच्या गल्ल्यांत लोक ट्रंका वर ठेवायला लागतात. आबांच्या नोकरीची काही वर्षं त्या पाण्याच्या हिशेबात गेली. त्यांना स्प्रिंग आणि चकती समजावणं म्हणजे आचाऱ्याला फोडणी शिकवणं.

"पण सुटलेलं पाणी राधानगरीत परत येत नाही," ते म्हणाले. "तुझं कसं येणार?"

मी सांगितलं. टोपणाच्या मधोमध आणखी एक चिमुकली झडप असते, उलट्या दिशेनं उघडणारी. इंजिन थंड व्हायला लागलं की आतलं पाणी आकसतं, पोकळी तयार होते, ती झडप उघडते आणि बाटलीतलं पाणी नळीतून ओढून घेते. गेलेलं पाणी परत.

"बघू," आबा म्हणाले. पाटबंधारे खात्यात हा शब्द 'अशक्य' या अर्थी वापरतात.

मी रंकाळ्याला दोन चकरा मारून आले. बाटलीत पाणी चांगलं चढलेलं. मी खूश. सकाळी बघितलं, बाटलीत पाणी तसंच, थेंब हललेला नाही. टोपण उघडलं तर रेडिएटरमध्ये दोन बोटं कमी. म्हणजे पाणी गेलं होतं, पण परतीच्या वाटेला कुणी उभंच नव्हतं. नळी तपासली, क्लॅम्प आवळले. दुसऱ्या दिवशी तेच. मग मला वाटलं बाटलीचं झाकण सैल आहे, तिथून हवा जात असेल, म्हणून ते करकचून आवळलं आणि झाकणातलं बारीक छिद्रही टेपनं बुजवलं. हा माझा शहाणपणा. त्यानं वाफेच्या गाडीसारखी शिट्टी मात्र ऐकायला मिळाली.

आबांनी टोपण मागवून घेतलं. चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्यांजवळ धरलं. जुनंच टोपण ते, वरचा आकडा केव्हाच झिजून गेलेला. खालची चकती त्यांनी नखानं दाबली, मधली झडप चिमटीनं ओढून बघितली, मग वरच्या पत्र्याच्या आतून बोट फिरवलं.

"इथं काय आहे?"

"काही नाही."

"तेच म्हणतोय. खालची चकती उठली की पाणी नळीत जाणार, ते बरोबर. पण परत ओढताना या वरच्या पत्र्याखालून हवा आत येतेय. हवा हलकी, ती आधी येणार. ती मिळत असताना ते बाटलीतलं पाणी कशाला उचलेल? इथं वर सील पाहिजे."

आणि तसंच होतं. ज्या काळात नळी रस्त्यावर सोडलेली असे, त्या काळच्या टोपणाला वरच्या चकतीची गरजच नव्हती. हवा कुठूनही आली तरी चालत होतं. बाटली लावायची तर वरही रबर असलेलं टोपण लागतं. शिवाय गळ्याची खोली जुळली पाहिजे, नाहीतर स्प्रिंग खाली नीट टेकतच नाही आणि दाबच धरला जात नाही. उद्यमनगरात तिसऱ्या दुकानात मिळालं. दुकानदार १३ पौंडाचं देत होता, "जास्त स्ट्राँग" म्हणून. मी ७चंच घेतलं. पंचेचाळीस वर्षांच्या कथलाच्या जोडांना एवढा दाब दाखवायचा म्हणजे म्हाताऱ्याला व्यायामशाळेत नेणं. बाटलीच्या झाकणावरची टेपही काढली. बाटलीला श्वास घेता आला पाहिजे. नाहीतर रेडिएटर ओढायला लागला की तीच आत चेपते.

नवं टोपण लावून पुन्हा रंकाळा. संध्याकाळी बाटली चढलेली. रात्री मी झोपायच्या आधी टॉर्च घेऊन गेले, तर अर्ध्यापर्यंत उतरलेली. नळीला बोट लावलं. काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. मी तिथंच उभी राहिले, साडीच्या पदरानं डास हाकत. सकाळी बाटली दोन इंचांवर, जिथून निघाली होती तिथंच. टोपण उघडलं. गळ्याशी पाणी काठोकाठ. त्यात माझा चेहरा आणि मागचा आंब्याच्या झाडाचा तुकडा.

वर जाऊन आबांना सांगितलं. त्यांनी नुसतं "किती?" विचारलं.

"काय किती?"

"किती चढलं होतं? मोजलंस काय?"

नव्हतं मोजलं. मग त्यांनी खोकल्याच्या औषधाचं माप मागवलं, रिकाम्या बाटलीत दहा-दहा मिलिलीटर ओतून बाहेरून पेनानं रेघा मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्कर. १५० मिलिलीटर. हे तसं पुस्तकातलंच आहे. पाणी पंचविसावरून नव्वद अंशांवर गेलं की साधारण सव्वातीन टक्के फुगतं, आणि आमच्या गाडीत पाच लिटरच्या आसपास पाणी मावतं.

आबांनी दिनदर्शिकेचं मागचं पान ओढलं आणि हिशेब मांडला. त्यांचा हिशेब मांडायचा ढंग अजून सरकारी आहे, वर तारीख, खाली सही. १५० मिलिलीटर. वर्षाला ३०० दिवस. ४५ लिटर. भागिले पाच. नऊ.

"म्हणजे वर्षाला नऊ रेडिएटर," ते म्हणाले.

मला तोवर लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं होतं. सकाळी काठोकाठ भरलेली गाडी कचेरीला पोचेपर्यंत फुगलेलं पाणी नळीतून रस्त्यावर टाकत होती. संध्याकाळी थंड झाली की दोन बोटं खाली. दुसऱ्या सकाळी पुन्हा काठोकाठ. कुठंही गळती नव्हती. भरलं नसतं तर तिनं टाकलंही नसतं, वरच्या टाकीत दोन बोटं हवा ठेवून ती आयुष्यभर गप्प बसली असती. चाचा तेच सांगत होते. आणि रोजचं ते नवं पाणी आपल्याबरोबर रोजचा नवा खार घेऊन येत होतं. एकदाच भरलेलं पाणी एकदाच खार टाकतं आणि संपतं. इथं वर्षाला नऊ वेळा.

आबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते.

"बोअरचं," ते शेवटी म्हणाले. एवढंच.

मला वाटलं काहीतरी बोलावं. की तुम्ही मायेनं घालत होता, की कुणाला माहीत होतं. पण आबांना अशी वाक्यं चालत नाहीत. मी चहा टाकला.

बाटली नसती तरी चाललं असतं का? चाललं असतं. चाचांचा सल्ला पाळायचा आणि हात आवरायचा, झालं. तरी मला ती हवी होती, आणि दोन कारणं मला अजूनही पटतात. एक म्हणजे आता मी कूलंट घालते, ॲल्युमिनियमच्या हेडला साधं पाणी कुरतडतं म्हणून. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ते रस्त्यावर सांडू द्यायचं नाही. पैशांचं सोडा, त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी. आमच्या शेडमध्ये एक लंगडी मांजरी पिलांसकट राहते. दुसरं म्हणजे गाडी काय करते ते दिसतं. पूर्वी तिचा सगळा व्यवहार मातीत मुरत होता.

एक खोट मात्र सांगून ठेवते, कारण मीच फसले होते. बाटली भरलेली दिसली म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं धरून चालायचं नाही. नळीला कुठं भेग असली तर बाटली आपली भरलेली बसते आणि आत दुष्काळ. महिन्यातून एकदा, थंड गाडीचं टोपण उघडून बघायचंच. महिन्याचा तो दिवस आबांनी संकष्टी ठरवलाय, म्हणजे विसर पडत नाही.

राहता राहिला तांब्या. बाटली नीट चालायला लागल्यावर तो खिळ्यावरच होता. चार-पाच दिवसांनी सकाळी खाली आवाज आला म्हणून बघितलं, तर आबा कठड्याला धरत धरत उतरलेले. बॉनेट उघडं. तांब्या हातात, भरलेला. ते बाटलीकडे बघत उभे होते. मी वरून ओरडणार होते, की घालू नका, बोअरचं आहे. त्यांनी घातलं नाही. तांब्या शेजारच्या जास्वंदीला ओतला आणि मला हाक मारली, "ते काळं मार्कर घेऊन ये. न पुसणारं."

माझ्या पेनाच्या रेघा पुसट झाल्या होत्या. त्यांनी बाटलीवर, थंडीतल्या पातळीच्या बरंच वर, एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ३९. तिच्या वर, तोंडाच्या खाली बोटभर, दुसरी. ४३. अक्षर थरथरलं, पण आकडे सरळ आले. मी हसायला लागले. बाहेरगावच्या माणसासाठी सांगते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटांत मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा. ४३ म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं कोल्हापूर एकमेकांना 'कसं काय' विचारत नाही, 'पाणी किती फुटांवर' विचारतं. २०१९ साली ती पातळी ५५च्याही वर गेली होती. त्या आठवड्यात ही गाडी आत्याच्या सासरच्या चढावर होती आणि आबा तिच्यात झोपत होते.

मार्करचं टोपण लावत ते म्हणाले, "आता घाटात जा खुशाल."

मे महिन्यात गेले. रत्नागिरीला भाच्याच्या साखरपुड्याला, आणि परतताना चार पेट्या घेऊन साखरप्यावरून वर. रस्ता आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, कामं चालू, डंपर पुढे, धूळ. दुसऱ्या गिअरमध्ये पाऊण तास. काटा अर्ध्याच्या वर सरकला, तिथंच थांबला. घाटमाथ्यावर, आंबा गावाच्या अलीकडे, मी गाडी सावलीत घेतली आणि बॉनेट उचललं. गरम रबराचा आणि धुळीचा वास. टोपणाला हात लावला नाही. खाली वाकून बाटली बघितली, आत हिरवं पाणी हळूहळू डोलत होतं.

फोनला रेंज होती. आबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"किती फुटांवर?"

"एकेचाळीस."

पलीकडे क्षणभर शांतता. पेपर बाजूला ठेवल्याचा आवाज.

"उतरतंय काय बघ. मग नीघ. आंबा खाल्लास काय?"